खाज गेली, गजकर्ण राहिलं

गेल्या पावसाळ्यात कमरेला, परकराच्या नाडीखाली रुपयाएवढा लाल चट्टा उठला. ओल्या कपड्यांत दिवस काढल्यावर दुसरं काय होणार! कंबर डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली. त्यात एसटी स्टँडबाहेर एकजण माईकवर ओरडत होता, "खाज, खरूज, नायटा, गजकर्ण! शंभर टक्के आयुर्वेदिक!" जेलची एक डबी 120 रुपये, दोन घेतल्या तर 200. मी दोन घेतल्या.

पाच-दहा मिनिटांत खाज गायब! खाजवून सोललेल्या जागी आधी थंडगार, मग काहीच कळेना. तीन तासांनी पुन्हा खाज, पुन्हा जेल. रात्रीही उठून लावायचे. एकदा तसल्याच हातानं तोंड पुसलं, तर ओठ जड झाला, दाढ काढताना इंजेक्शन देतात तेव्हा होतो तसा. लवंगेचं तेल असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

महिन्याभरात रुपयाची भाकरी झाली.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा ब्लेडनं खरवडून काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली. डबी उलटीपालटी केली. ना बॅच नंबर, ना परवाना क्रमांक, ना घटक. "तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण बधिर करणारं लिडोकेनसारखं काहीतरी आहे, आणि बहुधा स्टेरॉइडही." बधिर केलं की खाज मेंदूला कळत नाही, एवढंच. बुरशी तिथेच असते. स्टेरॉइडनं लाली दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. म्हणून तर 2018 पासून स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचा नियम आहे. इथे माईकवर विक्री!

जेलवर प्लास्टिक गुंडाळून वरून नाडी बांधायचे, हे सांगितल्यावर मात्र त्या चिडल्याच. सोललेल्या कातडीतून, त्यात वरून झाकलेलं असेल तर, लिडोकेन रक्तात उतरतं. प्रमाण वाढलं तर फीट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मला मधूनमधून गरगरायचं. मी ते उपवासावर ढकलत होते.

दोन महिने गोळ्या, बुरशीचं साधं मलम, कपडे उन्हात वाळवणं. 200 रुपयांच्या जागी साडेचार हजार गेले. माईकवाला पुन्हा दिसला नाही.

दुसरी डबी मी जावेला दिली होती. दवाखान्यातून तडक तिच्याकडे गेले. लंगोटानं लाल झालंय म्हणून ती सात महिन्यांच्या बाळाला लावत होती. डबी निम्मी संपली होती.