आयसीयू धरू की ड्रेसिंग? दोन्ही केलंय म्हणून सांगतो

नर्सिंग झालेली आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडची पोरं हल्ली हेच विचारतात, आयसीयू धरू की वूंड केअर. मी चार वर्षं आयसीयूत काढली, आता जखमाच बघतो, तर जमेल तसं सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

गल्फला जायचं असेल तर जास्त डोकं लावू नका, आयसीयूच घ्या. तो अनुभव सगळीकडे चालतो, क्रिटिकल केअरचा वर्षाचा पोस्ट बेसिक (म्हणजे नर्सिंग झाल्यावर करायचा) डिप्लोमापण आहे. जखमांच्या कामाला अशी सरळ वाट नाही, जाहिराती स्टाफ नर्सच्याच निघतात आणि ड्रेसिंगची ड्युटी आपण होऊन मागावी लागते.

मला आयसीयू नकोसं झालं ते एकाच गोष्टीने. पडून असलेल्या पेशंटची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि मी होतो तिथे रात्री माणसं इतकी कमी की कूस चार्टवरच बदलायची. उजवी, डावी, पाठ, सही. एकदा पहाटे स्पंजिंगला एका आजोबांना वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग, बोटाने दाबला तरी फिका पडेना, म्हणजे बेडसोरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, स्टेज वन. चार्टवर रात्रभर माझीच सही. अलार्म, नाइट ड्युटी सगळं सोसलं हो, ते नाही सोसलं.

ड्रेसिंगला वास येतो, खोटं कशाला बोलू, डायबेटिक फूटची, म्हणजे मधुमेहाने चिघळलेल्या पायाची, पट्टी सोडली की त्या दिवशी जेवण जात नाही. घरची म्हातारी म्हणणार "जखमेला वारं लागूं दे", तिला काय सांगणार की 1962 सालीच विंटर नावाच्या माणसाने डुकरांवर दाखवलंय, झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, डुकराचं नाव काढलं की ती आणखीच भडकते. गणपतीच्या चवथीला निम्मे पेशंट गायब, मग येतात तेव्हा गॉज सुकून चिकटलेला, सलाईन सोडत सोडत पंधरा मिनिटं बसायचं, घाईत ओढला की नुकतं आलेलं लाल मांस सोबत निघतं. पण कागदाची मोजपट्टी लावली आणि मागच्या वेळचे पाच सेंटिमीटर आज साडेतीन भरले की ते मी एकटा बघत नसतो, पेशंटपण वाकून बघत असतो, तिथे नुसत्या सहीवर भागत नाही.

पगारात सुरुवातीला आयसीयूवाला थोडा पुढे असेलही. तरी ठरवायच्या आधी एखाद्या सोमवारी सकाळी ड्रेसिंग रूममध्ये तासभर उभे राहून बघा, मास्कला आतून थोडं विक्स लावून, आणि नाश्ता नंतर.