गाडी अस्सल, मालकी लटकलेली

जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घेणारा नकली गाडीला घाबरतो, आणि नेमका दुसरीकडेच फसतो. २०१४ मध्ये इंग्लंडातल्या गुडवुडला लिलावात गेलेली फेरारी ३७५ प्लस, चॅसिस (सांगाडा) नंबर ०३८४ एएम, अगदी अस्सल होती. अशा पाचच बनल्या. १९५४ च्या मिले मिलिया या इटलीतल्या रस्त्यावरच्या शर्यतीत ती धावली, इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनला गोन्झालेस या चालकाने तिच्यावर शर्यत जिंकली. लिलावघराच्या कमिशनसह किंमत एक कोटी पौंडांच्या पुढे गेली. पैसे भरल्यावर हक्क सांगणारे पुढे आले, ते आधी सांगितलंच नाही असा खरेदीदाराचा आरोप होता. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं.

मूळ गोम जुनी. १९५८ पासून गाडी अमेरिकेत ओहायोतल्या एकाच माणसाकडे होती, कित्येक वर्षं अंगणात उघड्यावर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती चोरीला गेली आणि १९९० मध्ये बेल्जियममध्ये निघाली. पुढे १९९९ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, असं एक बाजू म्हणाली; दुसरीने ते मानलं नाही. अमेरिकी कायद्यात चोराकडून घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. बेल्जियमच्या तेव्हाच्या दिवाणी संहितेत मात्र चोरीची वस्तू प्रामाणिक ग्राहकाकडून परत मागायला तीनच वर्षं. एकच गाडी, दोन देशांत दोन उत्तरं.

म्हणून विक्रेता फाइल पुढे सरकवतो तेव्हा शर्यतींचे निकाल आणि काळे-पांढरे फोटो बाजूला ठेवा. ते गाडीचं चरित्र झालं. आपल्याला हवा सातबाऱ्यावरचा फेरफार: कोणी, कोणाला, कधी, किती पैशांना विकली. जाड फाइलमध्ये १९५० चं दशक शंभर पानं आणि १९८५ ते ९५ एक पान असेल, तर गफलत त्या एका पानात आहे.

इटलीत नोंद झालेल्या गाडीसाठी एसीआय या तिथल्या ऑटोमोबाइल क्लबच्या पीआरए, म्हणजे वाहन नोंदणी, कार्यालयातून ‘एस्त्रात्तो क्रोनोलोजिको’, म्हणजे मालकीचा क्रमवार उतारा, काढा. ही नोंदवही १९२७ पासूनची. नंबर प्लेटवरून प्रत्येक मालक, तारीख आणि कर्जाचा बोजा कळतो. अडचण एकच: तेव्हा प्लेट प्रांताची असायची. मालक मिलानहून तोरिनोला गेला की एमआय जाऊन टीओ यायची आणि जुना उतारा तिथेच थांबायचा. त्यामुळे प्रत्येक प्लेटचा उतारा वेगळा मागवा, आणि एकाची शेवटची तारीख दुसऱ्याच्या पहिल्या तारखेला जुळते का पाहा. शेवटच्या उताऱ्यावर ‘निर्यातीसाठी नोंद रद्द’ असा शेरा हवा. तो नसताना गाडी परदेशात उभी असेल तर ती तिथे पोचली कशी, हे विक्रेत्याने कागदावर दाखवावं.

आता नंबर. चॅसिस नंबर सांगाड्याच्या पोलादी नळीवर ठोकलेला असतो. रंग केमिकलने उतरवायला सांगा. ग्राइंडर फिरवला तर पुरावाच गेला. आकड्यांभोवती धातू चपटा, चकचकीत दिसला, किंवा जाडी मोजायच्या अल्ट्रासॉनिक यंत्राने तिथली भिंत पातळ दाखवली, तर नंबर घासलेला आहे. घासला तरी ठोक्याने आतलं पोलाद दबलेलं राहतं, आणि तज्ज्ञाने आम्ल लावलं की जुना आकडा वर येतो. ही तपासणी नाकारणाऱ्याशी पुढे बोलू नये, हे आमचं स्पष्ट मत.

मुखत्यारपत्रावर झालेली विक्री हा सगळ्यात निसरडा कागद. सही नोटरीसमोर झाली का, सही करणारा त्या दिवशी हयात होता का, पैसे मालकाच्याच खात्यात गेले का, तिन्हींचे पुरावे मागा. तडजोडीचा करार असेल तर त्यावर सगळ्या दावेदारांच्या सह्या हव्यात, आणि खटला काढून घेतल्याचा कोर्टाचा हुकूमही. नुसतं ‘वाद मिटलाय’ हे वाक्य लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापून येतं, कोर्टात त्याला कोणी विचारत नाही.

टोकन देण्याआधी मधल्या वर्षांतल्या शेवटच्या ज्ञात मालकाला फोन लावा. तो वारला असं सांगितलं, तर वारसांना.