कॉफीने साखर चढते का? फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरवर पाहायचं असेल तर

बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी घेऊनही साखर चढते, ही मधुमेहींची तक्रार खोटी नसते. कॅफिनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं आणि स्नायू काही तास इन्सुलिनला कमी दाद देतात. पण कोणाला याचा फटका बसतो, कोणाला काहीच होत नाही. स्वतःपुरतं उत्तर हवं तर मोजणं आलं.

ग्लुकोमीटरवर हे धड होत नाही. 100 च्या वरच्या रीडिंगमध्ये 15 टक्क्यांची चूक मानकातच धरलेली असते. मग 140 चे 155 झाले ते कॉफीने की पट्टीने, कसं ठरवणार? अ‍ॅबट कंपनीचा पहिल्या पिढीचा लिब्रे, म्हणजे दंडावर चिकटवून त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत मोजणारा सेन्सर, हाही आकड्याला फार काटेकोर नाही; बोटाच्या रक्ताशी त्याचा सरासरी फरक 11.4 टक्के निघाला होता. मात्र तो दर 15 मिनिटांनी नोंद ठेवतो आणि आलेखाचा चढउतार समोर ठेवतो. इथे खरं काम त्या चढाचंच आहे.

सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला बसतो, 14 दिवस चालतो, लावल्यावर पहिला तासभर काही दाखवत नाही. त्वचेला तेल किंवा क्रीम राहिलं की चिकटपट्टी सुटते, म्हणून स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. ब्लाउजच्या बाहीची कड नेमकी तिथेच येते. सेन्सर कडेच्या जरा वर किंवा खाली लावा, नाहीतर कपडे बदलताना उपटून येतो. फोन सेन्सरजवळ नेऊन स्कॅन करायचं तर त्यात एनएफसी (जवळ धरून माहिती वाचण्याची सोय) हवं, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं. आठ तासांहून जुनी नोंद सेन्सर पुसून टाकतो, त्यामुळे झोपताना आणि उठल्या उठल्या स्कॅन चुकवू नका.

आता कॉफी. पहिला दिवस सोडून द्या, तेव्हा रीडिंग जरा भरकटतं. मग एका सकाळी उपाशीपोटी नुसतं गरम पाणी घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 150 मिली पाण्यात दोन चमचे, म्हणजे सुमारे 4 ग्रॅम, इन्स्टंट कॉफी. त्यात साधारण 120 मिलीग्रॅम कॅफिन येतं. चिकोरी मिसळलेली पावडर नको, तिच्यात कॅफिन कमी भरतं. दोन्ही दिवशी दोन तास दर 15 मिनिटांनी स्कॅन करा. पाण्याचा दिवस गाळू नका: पहाटे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढून बऱ्याच मधुमेहींची साखर आपोआप चढते आणि आळ कॉफीवर येतो. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, हेही धरून चाला.

याहून बोलका प्रयोग नाश्त्याबरोबरचा. 60 ग्रॅम कोरडे पोहे मोजून करा, एकदा कॉफीसोबत, एकदा कॉफीशिवाय. कॅफिनचा परिणाम कर्बोदकांबरोबर जास्त उघडा पडतो. दोन्ही जोड्या पुन्हा एकदा करून पाहा. एका दिवसाच्या आलेखावर निकाल देऊ नये. टपरीवरचा चहा मात्र या हिशोबात धरू नका. 100 मिली दुधात सुमारे 5 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वर दोन चमचे साखर. तिथे कॅफिन बिचारं निर्दोष!

रीडिंग फसतं कुठे? सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की दाबाने खोटं कमी दिसतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने खोटं जास्त दिसतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हात थरथरले म्हणून लगेच साखर तोंडात टाकू नये. कॅफिननेही थरथर आणि धडधड होते. आधी बोटावर तपासा.

संध्याकाळच्या कपाचा आलेख मात्र दुसऱ्या सकाळी वाचायचा. पाच वाजताच्या कॅफिनपैकी निम्मं रात्री दहाच्या सुमारासही अंगात असतं. झोप बिघडली की उपाशीपोटीची साखर वर येऊ शकते.

एवढ्यासाठी काही हजार रुपयांचा सेन्सर घ्यावा का? माझ्या मते नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन बसवण्यासाठी तो लावायचाच असेल, तर त्यातले आठ दिवस कॉफीला द्या आणि आलेख डॉक्टरांना दाखवा, डोस स्वतः हलवू नका. घेताना नाव नीट वाचा: क्लिनिकमध्ये लावतात तो ‘लिब्रे प्रो’ रुग्णाला रीडिंग दाखवतच नाही. तोच मिळाला तर काय, किती आणि किती वाजता घेतलं ते वहीत लिहून ठेवा. रिपोर्ट आल्यावर वेळा जुळवता येतात.