पिंपल्सच्या डागांसाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड क्रीम: डागांवर मस्त, खड्ड्यांवर उपयोग शून्य

सरळ सांगते, पिंपल बसल्यावर मागे जे तपकिरी-काळे डाग राहतात ना, त्यांच्यासाठी आजवर मी चेहऱ्याला जे काही लावलंय त्यात मेडिकलमध्ये मिळणारी ही अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडची साधी ट्यूब सगळ्यात कामाची निघाली. बऱ्याच कंपन्यांची येते, १०, १५ आणि २० टक्के अशी मिळते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण बघायचं ते ट्यूबवर औषध काय लिहिलंय आणि किती टक्के, बाकी डबीचा रंग कुठलाही असो. पार्लरच्या एका चांगल्या फेशियलच्या पैशात दोनेक ट्यूब आरामात येतात.

माझी स्किन गव्हाळ, नाक-कपाळ तेलकट, आणि पाळीच्या आधी हनुवटीवर नि जबड्याच्या कडेला ठरलेले पिंपल्स. आपल्याकडच्या रंगाच्या स्किनचं असं आहे की पिंपल आठवड्यात बसतो पण डाग महिनोन् महिने मुक्काम ठोकतो, कारण आत सूज आली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्तीचं मेलॅनिन तयार करतात आणि ते तिथेच साचून राहतं. हे औषध नेमकं त्या मेलॅनिनच्या कारखान्यावर काम करतं, आणि शिवाय पिंपलचे जंतू मारतं, बंद झालेली छिद्रं मोकळी करतं, म्हणजे जुना डाग फिका होत असताना नवीन पिंपल पण कमी येतात, आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे, कारण नवीन पिंपल थांबत नाहीत तोवर डागांवर कितीही पैसे ओता, एक जातो नि दोन येतात. आणि हो, याने कोणी गोरं होत नाही, चांगल्या स्किनचा रंग आहे तसाच राहतो, फक्त डाग आजूबाजूच्या रंगात मिसळत जातो. मला तेच हवं होतं.

लावायची पद्धत सांगते. चेहरा धुवून पूर्ण कोरडा करायचा, मग मटारच्या दाण्याएवढं क्रीम सगळ्या चेहऱ्यावर पातळ, नुसतं डागावर ठिपके द्यायचे नाहीत. डोळे, ओठ, नाकपुड्यांचे कोपरे सोडून. पहिले काही आठवडे लावल्या लावल्या जबड्यापाशी मुंग्या फिरल्यासारखी खाज सुटते, पंधरा-वीस मिनिटं फार नकोसं वाटतं, हात सारखा तिकडे जातो. चेहरा ओला असेल तर जास्तच. मी आधी साधं मॉइश्चरायझर आणि त्यावर हे असं करायला लागले तेव्हा निभावलं, सुरुवातीला एक दिवस आड लावा, घाई नको. खाज हळूहळू कमी होते, पण आग होऊन चेहरा लाल पडत असेल, सुजत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

फरक कधी दिसतो? महिन्याभरात काही नाही. खरंच काही नाही, आणि इथेच लोक ट्यूब फेकून देतात. बाथरूमच्या ट्यूबलाइटमध्ये तर रोज तेच डाग दिसतात, त्यामुळे खिडकीपाशी सकाळच्या उजेडात एकाच जागी उभं राहून महिन्याला एक फोटो काढा, तोच खरा. दोन महिन्यांनंतर माझ्या डागांच्या कडा आधी विरायला लागल्या, मधला गडद ठिपका तेवढा उरला, मग तो पण चहाच्या रंगाचा झाला. तीन-चार महिने धरून चाला. गालावरचे बहुतेक गेले, जबड्यावरचे दोन जुने अजून आहेत पण जवळून बघितल्याशिवाय कळत नाहीत.

पण सनस्क्रीन नाही लावलं तर यातलं काहीही होणार नाही, हे अगदी कळकळीने सांगते. ऊन लागलं की डाग परत गडद होतो. पुण्यात आपण सगळ्या स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून फिरतो आणि वाटतं झालं, चेहरा झाकला, पण पातळ कॉटनच्या स्कार्फमधून ऊन आत येतंच आणि वर घामाने-घासण्याने सनस्क्रीन पुसलं जातं ते वेगळंच. दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढं चेहऱ्याला नि मानेला, निघायच्या आधी, आणि दिवसभर बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. आपल्या स्किनला नुसत्या यूव्हीनेच नाही तर साध्या उजेडाने पण डाग पडतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे स्किनच्या रंगाचं सनस्क्रीन मिळालं तर ते घ्या, पांढरा थर पण दिसत नाही.

आता खड्डे. लोक डाग आणि खड्डे दोन्हीला एकच समजून क्रीमवर क्रीम घेतात. डाग हा फक्त रंग आहे, बोट फिरवलं तर हाताला सपाट लागतो. खड्डा म्हणजे स्किनला आतून धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनचा आधारच गेलाय, तिथे ही ट्यूब, सीरम, कोरफड, काहीही भरून काढणार नाही. आमच्या स्किनच्या मॅडमनी लाइट बाजूने पाडला आणि दोन बोटांनी माझा गाल ताणला, काही खड्डे ताणल्यावर गायब झाले, काही तसेच राहिले. जे उथळ आणि पसरट असतात ते खालून धाग्यांनी ओढले गेलेले असतात, त्यांना सबसिजन करतात म्हणजे सुईने ते धागे सोडवतात. जे सुईने टोचल्यासारखे अरुंद नि खोल असतात त्यात टीसीए क्रॉस, म्हणजे स्ट्राँग अ‍ॅसिडचा थेंब नेमका त्या खड्ड्यात. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी स्किनला टोचणं), लेझर हे त्यानंतर गरजेप्रमाणे. म्हणजे सगळ्यांना एकच पॅकेज असं असूच शकत नाही. एका चकचकीत क्लिनिकमध्ये काउंटरवरच्या मुलीने माझा चेहरा धड न बघता सहा सेशनचं लेझर पॅकेज ‘आज बुक केलं तर डिस्काउंट’ म्हणून पुढे सरकवलं होतं, डॉक्टर तर भेटलेच नाहीत, मी उठून आले. सावळ्या-गव्हाळ स्किनवर चुकीच्या सेटिंगचं लेझर नवीन काळे डाग देऊन जाऊ शकतं, त्यामुळे मशीन कोण चालवणार हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि ऑनलाइन मिळणारा डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, घरी चालू पिंपल्सवर अजिबात फिरवू नका, इन्फेक्शन सगळ्या चेहऱ्यावर पसरतं.

आणि एक, कृपा करून मेडिकलवाल्या काकांकडून ‘डाग जायची क्रीम द्या’ म्हणून घेऊ नका. बऱ्याचदा हातात पडते ती हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब. ती डॉक्टर वांगासाठी थोडे दिवस देतात, नंतर बंद करायला सांगतात. माझ्या मावसबहिणीने ती शेजारणीच्या सांगण्यावरून लावली, आठवड्यातच चेहरा चमकायला लागला म्हणून सगळ्या खूश, आणि पुढे लावत राहिली तशी स्किन एवढी पातळ झाली की गालावरच्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, बंद केली की पिंपल्स दुप्पट, गॅसपाशी उभं राहिलं तरी आग. बिचारी सावरायला खूप वेळ गेला. बऱ्याच स्टेरॉइड क्रीम्स २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे, तरी सर्रास मिळतात. बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीमची तर गोष्टच सोडा, अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला त्रास झाला आणि मुंबईच्या केईएममध्ये त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला अशी बातमी २०२३ मध्ये आली होती, ती वाचून मला झोप नव्हती लागली.

लिंबू-बेकिंग सोडा पण नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे येतात. बेसन-दही लावायचं तर लावा, डाग जाणार नाहीत पण नुकसानही फारसं नाही.

अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड प्रेग्नन्सीत सुद्धा चालणाऱ्या मोजक्या औषधांपैकी आहे, अर्थात तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. रात्री अ‍ॅडापलीन जेल (पिंपल्सचं दुसरं औषध) पण सुरू असेल तर ते मात्र प्रेग्नन्सीत बंद करायचं असतं, हे आधीच बोलून घ्या. गाठीसारखे दुखरे पिंपल्स येत असतील तर ट्यूबवर वेळ घालवू नका, तेच पुढे खड्डे पाडतात, लवकर डर्मॅटॉलॉजिस्टला दाखवा. प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर पुण्यात ससूनला त्वचारोग विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि सध्या जे जे लावताय त्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या.