क्लिपवाला वायफाय एनर्जी मीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डीबीत (घरातल्या मेन स्विचच्या पेटीत) बसवून फेजच्या वायरीला सीटीची (वायरीतला करंट मोजणाऱ्या सेन्सरची) क्लिप लावायचा हा मीटर. युनिट चोख मोजतो, रुपये मात्र भलतेच दाखवतो.

कारण अ‍ॅपमध्ये दर एकच भरता येतो. महावितरणचं घरगुती बिल १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतं. सरासरी दर टाकला की गिझर स्वस्त वाटायला लागतो. प्रत्यक्षात वाचणारं युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं. म्हणून आपलं बिल ज्या टप्प्यात संपतं त्याचाच दर, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा बिलातला दर युनिटमागचा आकार) मिळवून, भरावा. महिनाही १ तारखेपासून नको, बिलावरच्या रीडिंगच्या तारखेपासून धरावा.

बसवायचं काम वायरमनचं, तेही मेन बंद करून. क्लिपमधून फक्त फेज जायला हवी. न्यूट्रलही सोबत गेली तर दोन्हींचा करंट एकमेकांना मारतो आणि रीडिंग शून्याजवळ येतं. ही चूक लगेच दिसते. जबडा नीट मिटला नाही, किंवा फटीत टेपचा तुकडा राहिला, तर रीडिंग थोडं कमी येतं आणि ते आकडे खरे वाटतात, ही खरी डोकेदुखी. थ्री-फेज घरात क्लिप एका फेजवर आणि व्होल्टेजची वायर दुसऱ्यावर गेली, तर नुसता गिझर चालू असतानाही पॉवर फॅक्टर (व्होल्टेज गुणिले करंटमधला खऱ्या पॉवरचा वाटा) १ ऐवजी ०.५ दिसतो. इन्व्हर्टर असेल तर क्लिप त्याच्या आधी, मेनलगत. नाहीतर बॅटरी चार्जिंगची वीज मोजलीच जात नाही.

पडताळणी सोपी आहे. बिलाच्या मीटरवर एका युनिटला किती पल्स (दिव्याचं लुकलुकणं) ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून पाण्यात बुडवलेला हीटरचा रॉड लावा. अ‍ॅप १००० वॅट दाखवत असेल तर मीटरचा लाल दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. इस्त्री घेऊ नका, थर्मोस्टॅट मध्येच तोडतो.

सगळ्यात उपयोगी आलेख मध्यरात्रीनंतरचा. पंखे बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला, तरी ६० वॅट दिसले तर महिन्याला ४३ युनिट सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि स्टँडबायवरचा टीव्ही खातायत.

१०० अँपिअरच्या क्लिपला मोबाइल चार्जर मात्र दिसत नाही. एकेका उपकरणासाठी सॉकेटमध्ये खोचायचा छोटा मीटरच घ्यावा.