फोरामिनिफेराची तयार स्लाइड: घ्या, पण लेबलवर जाऊ नका

छत्रपती संभाजीनगर, लातूरकडे शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य देणाऱ्या दुकानांत एकपेशीय जीवांच्या तयार स्लाइडचा डबा मिळतो. त्यातल्या पॅरामेशियमसाठी पैसे घालवू नका. कडब्याचे तुकडे उकळून पाणी गार करा, त्यात पाझर तलावाचं कपभर पाणी ओता आणि सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत पॅरामेशियम जिवंत पळताना दिसतात. समुद्राचा गाळ मात्र आपल्याकडे कुठून येणार? म्हणून फोरामिनिफेराची, म्हणजे समुद्रातल्या कवचवाल्या एकपेशीय जीवांची, स्लाइड सुटी मिळाली तर जरूर घ्या.

ही स्लाइड नेहमीसारखा खालून उजेड देऊन पाहिली की नुसते काळे ठिपके दिसतात, कारण कवच जाड असतं. आरसा फिरवून उजेड बंद करा, स्लाइडखाली काळा कागद ठेवा आणि बाजूने तिरपी टॉर्च धरा. 4एक्स भिंगाखाली फुगीर कप्पे एकमेकांना चिकटलेले दिसतात, 10एक्सखाली कवचावरची बारीक छिद्रंही. 45एक्स लावूच नका. स्लाइड जाड असल्याने भिंग कव्हरस्लिपवर (वरच्या पातळ काचेवर) टेकतं आणि दोन्ही खराब होतात.

आता लेबल. ‘अतिखोल समुद्रातील जीव’ असं छापतात, आत असते ग्लोबिजेरिना ही फोरामिनिफेराची एक जात. ती पृष्ठभागाजवळ तरंगते. मेल्यावर फक्त कवच तळाशी जातं. साधारण 4,000 ते 5,000 मीटरच्या खाली थंडी, दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांमुळे चुन्याचं कवच विरघळून जातं. प्रशांत महासागराच्या मारियाना गर्तेतल्या चॅलेंजर डीप या समुद्राच्या सर्वांत खोल जागेतून, जवळजवळ 10,900 मीटरवरून, जपानच्या ‘कायको’ या यंत्राने आणलेल्या गाळात जिवंत फोरामिनिफेरा सापडले, ते बहुतांश मऊ भिंतीचे होते. हा शोध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त. पेशीत हवेची पोकळी नसल्याने ती चिरडली जात नाही. दाबाचा खरा ताण प्रथिनांवर आणि पेशीपटलावर येतो. शिक्षकांनी हे मुलांना सांगायलाच हवं, नाहीतर चुकीचं लेबल पाठ होतं.

कवच विरघळणं दाखवायचं तर अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाका. फळ्याचा खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो, फसफसत नाही.

दुकानातच स्लाइड उजेडात धरून बघा: कडेला हवेचे बुडबुडे किंवा सुटी फिरणारी कवचं दिसली तर बदलून मागा. डबा पत्र्याच्या खोलीत नको. मे महिन्याच्या उन्हात चिकटद्रव्य मऊ पडून कव्हरस्लिप सरकते, म्हणून स्लाइड उभ्या न ठेवता आडव्या ठेवा.