थेर्गोथॉन की स्केप्टिसिझम: फ्युनरल डूमचा पहिला अल्बम कोणता घ्यावा?

डूम मेटल, म्हणजे हेवी मेटलचा संथ आणि जड प्रकार, वाजवणारे पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड हे बँड ऐकून झाले आणि आता याहून संथ, याहून जड काहीतरी हवं, असं वाटू लागलं की दोन नावं हटकून समोर येतात. थेर्गोथॉनचा ‘स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स’ (१९९४) आणि स्केप्टिसिझमचा ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’ (१९९५). दोन्ही बँड फिनलंडचे, दोन्ही अल्बम त्यांचे पहिले, दोन्हींत सहा-सहा गाणी. पुढे फ्युनरल डूम (डूम मेटलचा अतिसंथ, शोकगंभीर प्रकार) म्हणून जे ओळखलं गेलं त्याचा पाया मुख्यतः इथेच घातला गेला. आवड लागली की दोन्ही घरात येतातच. पण आधी कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सुरुवातीलाच कानाला न मानवणारा अल्बम पदरी पडला तर बरेच जण या प्रकाराकडे पुन्हा वळत नाहीत.

थेर्गोथॉन हे कोक्कोला गावचं त्रिकुट. अल्बम बाजारात आला तोवर बँड संपलेलाही होता, त्यामुळे पूर्ण लांबीचं त्यांचं काम एवढंच. (ड्रमर यॉरी श्योरूस पुढे फिनिश पॉपमध्ये गेला आणि पीएमएमपी या पॉप जोडीचा निर्माता म्हणून नावाजला. हा अल्बम ऐकून त्यावर विश्वास बसणं कठीण आहे.) लांबी साधारण ४० मिनिटं. एकही गाणं दहा मिनिटांपर्यंत जात नाही. बांधणी अगदी उघडी आहे: दोन-तीन रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या धुना), मध्येच डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा खरखरीत जाडपणा, काढून मोकळी वाजवलेली गिटार, मग पुन्हा जडपणा. आवाज कोरडा, थोडा पातळ. प्रत्येक वाद्य वेगळं काढून दाखवता येतं. अमेरिकी भयकथाकार लव्हक्राफ्ट वाचणाऱ्यांना शब्दांतही बरंच सापडेल, एका गाण्याच्या नावातच त्याच्या कथेतलं कदाथ आहे.

रीहिमॅकीच्या स्केप्टिसिझमची घडणच वेगळी आहे. या बँडमध्ये बास गिटार नाही. खालचे सगळे सूर एरो पोयरीच्या ऑर्गनकडे आहेत आणि गिटार त्या सुरांवर उभी राहते. लासे पेल्कोनेन ड्रम्स नेहमीच्या काड्यांऐवजी मऊ डोक्याच्या मॅलेटने वाजवतो. त्यामुळे ठोक्याला टोक राहत नाही, घुमारा राहतो. झांजही फुटत नाही, हळूहळू फुगत जाते. अल्बम तासाला किंचित कमी. विलंबित एकतालात समेची वाट पाहायची सवय असलेल्या कानाला ही लय परकी वाटणार नाही, कारण इथेही दोन ठोक्यांमधली जागा रिकामी नसते. ऑर्गन ती भरून ठेवतो.

इथवर सामना बरोबरीचा म्हणता येईल. माझ्यापुरता निकाल लागला तो एका त्रासावरून, आणि तो त्रास थेर्गोथॉनच्या मिक्समध्ये, म्हणजे वाद्यं आणि गायन यांच्या पातळ्या जुळवण्यात, आहे. गायक निको सिर्कियाचा ग्रोल (घशातून काढलेला गुरगुरता आवाज) अतिशय खालचा आणि मिक्समध्ये फार पुढे आहे. तो सुरू झाला की गिटारची धून त्याच्यामागे जाते. या संगीतात तर ऐकणाऱ्याने धरून राहायचं ते त्या धुनेलाच. हेडफोनवर आवाज सोसेल इतका कमी करावा, तर पुढच्या मोकळ्या गिटारच्या भागात काही ऐकूच येत नाही. म्हणून पुन्हा वाढवावा, तर पुढच्या कडव्यात ग्रोल अंगावर येतो. असा हात सारखा व्हॉल्यूमवर राहतो आणि इतक्या संथ संगीतात जी तंद्री लागायला हवी ती लागत नाही. मधूनमधून येणारा साधा, ग्रोल नसलेला आवाजही त्याच पातळीवर उभा आहे. काहींना हा पुढे आलेला आवाजच या अल्बमचा प्राण वाटतो. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण ते शांतपणे, स्पीकरवर, एकट्याने ऐकत असावेत. इक्वलायझर असेल तर ३०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान दोनेक डेसिबल कमी करून पाहावं. ग्रोल थोडा मागे सरतो, गिटारचं फार नुकसान होत नाही. त्याहून जास्त कापलं तर मुळात पातळ असलेला आवाज पोकळ होतो.

‘स्टॉर्मक्रोफ्लीट’मध्ये दोष नाहीत असं नाही. मूळ १९९५ च्या मिक्समध्ये गिटार आणि ऑर्गन एकमेकांत मिसळून एकच ढग होतो, किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) शोधावा लागतो आणि गायक मट्टी तिलायुसचा आवाज जवळजवळ तळाशी आहे. पण हा दोष सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आहे. आवाजाची पातळी एकदा ठरवली की पुन्हा हात लावावा लागत नाही, आणि कान पाचेक मिनिटांत त्या ढगाला सरावतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी ऐकताना ऑर्गनच्या आत गिटार काय करते आहे ते आपोआप वेगळं दिसू लागतं. थेर्गोथॉन पहिल्यांदाच सगळं दाखवून टाकतो. ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’ मात्र ऐकण्यागणिक उलगडत जातो, आणि मला वाटतं पारडं झुकतं ते इथे.

ढग नकोच असेल तर २०१८ ची स्वार्त रेकॉर्ड्सची आवृत्ती पाहावी. ती नव्याने मिक्स केलेली आहे. गिटारला धार आली आहे, ड्रम्स जवळ आले आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी हीच सुचवेन, जरी जुन्या मिक्समधला दूरवरून येणारा घुमारा तिच्यात थोडा कमी झाला आहे. ठरवता येत नसेल तर ‘पोअरिंग’ हे एकच गाणं तीन रूपांत ऐकावं: मूळ, नवं मिक्स, आणि २०१५ च्या ‘ऑर्डील’ अल्बममधलं, जे तुर्कूमध्ये श्रोत्यांसमोर वाजवून रेकॉर्ड केलं होतं. तिसऱ्या रूपात ऑर्गन आणि मॅलेट नेमकं काय करतात ते स्वच्छ कळतं. ते कळल्यावर मूळ मिक्सही वेगळं वाजतं.

कशावर ऐकता यावरही बरंच अवलंबून आहे. फोनच्या स्पीकरवर स्केप्टिसिझम ऐकूच नये. एवढासा स्पीकर खालचे सूर काढूच शकत नाही, आणि बास गिटार नसल्याने ऑर्गनचा तळ गेला की उरतो तो नुसता भणभणाट. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर वेगळीच अडचण येते: ऑर्गन चढला की स्पीकर स्वतःला वाचवायला सगळाच आवाज दाबतो आणि ड्रम्स आत ओढले जातात. साधे तारेचे इयरफोन त्यापेक्षा बरे. बास बूस्ट बंद ठेवावा. जुनं मिक्स फारच गढूळ वाटलं तर २०० ते २५० हर्ट्झला दोन-तीन डेसिबल कमी करावेत. आणि अॅपमधला क्रॉसफेड आठवणीने बंद करावा, नाहीतर ऑर्गनच्या विरत जाणाऱ्या शेवटावर पुढचं गाणं चढून बसतं.

एलपी घेणाऱ्यांसाठी हिशेब निराळा. थेर्गोथॉन एका तबकडीवर नीट बसतो, बाजूला २० मिनिटं. ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’ एकाच तबकडीत कोंबला तर बाजूला जवळजवळ ३० मिनिटं होतात. मग खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली जाते आणि सगळ्यात आधी बळी पडतात ते खालचे सूर, म्हणजे या अल्बमचा कणाच. तेव्हा दोन तबकड्यांची आवृत्ती मिळत असेल तरच घ्यावी, नाहीतर सीडी उत्तम.

थेर्गोथॉन आधी घ्यावा अशी माणसंही आहेत. ज्यांना रिफ स्पष्ट ऐकू आला नाही की चैन पडत नाही, ऑर्गन म्हटलं की जे बिचकतात, किंवा ज्यांच्याकडे सलग तासभर वेळच नसतो, त्यांना तोच लवकर जवळचा वाटेल. त्यांनी ‘एव्हरलास्टिंग’ या पहिल्या गाण्यापासून क्रमानेच ऐकावं. आणि दोन्हींत दम नाही, हाणामारीच हवी असं वाटलं, तर न्यूयॉर्कच्या विंटरचा ‘इन्टू डार्कनेस’ (१९९०) किंवा मेलबर्नच्या डिसएम्बॉवेलमेंटचा ‘ट्रान्सेंडन्स इन्टू द पेरिफेरल’ (१९९३) घ्यावा. दुसऱ्यात तर संथ भागांमध्ये ब्लास्ट बीट्सही (ड्रम्सचे अतिवेगवान ठोके) येतात.